सॅक्सन राजा आणि आत्याबाईचे रोडगे

आपल्या ऐतिहासिक कादंबऱ्यांतल्या राजाला कधी पडसं होत नाही. भूकही लागत नाही, आणि लागलीच तर ताट चांदीचं असतं. तो गवाक्षात उभा राहतो, दूरवर पाहतो आणि सलग दोन पानं बोलतो. सरदार माना डोलवतात. शाळेत असताना अकोल्याच्या वाचनालयातून आणून आणून मी ह्या कादंबऱ्या वाचल्या आणि त्यांच्यावर रडलेसुद्धा. कॉलेजात गेल्यावर हसायला लागले. पुढे अमरावतीत इंग्रजी शिकवायची नोकरी लागली, आणि इंग्लंडच्या इतिहासावरच्या प्रश्नाला पोरं तेच गवाक्ष, तेच सरदार, त्याच डोलणाऱ्या माना लिहून देतात हे पाहिल्यावर हसूही येईना. मला असा राजा पाहिजे होता, ज्याला कोणीतरी एकदा तरी चांगलं झापलंय.

तो मला वर्गात शिकवता शिकवताच सापडला. हजारेक वर्षांपूर्वीचा सॅक्सन राजा, इंग्लंडच्या दक्षिणेकडचा. त्या काळी समुद्रापलीकडून व्हायकिंग यायचे. लांबट होड्या घेऊन नदीनदीनं आत शिरायचे, गावं लुटायचे, मठ जाळायचे. पैसे दिले की जायचे आणि पुढच्या वर्षी पुन्हा हजर. शेजारची राज्यं त्यांनी एकेक करून गिळली, ह्याचं तेवढं उरलं. तेही त्यांनी ऐन हिवाळ्यात, सणासुदीच्या दिवसांत छापा घालून घेतलं, आणि राजा मूठभर माणसं घेऊन दलदलीत पळाला. पळाला हा शब्द मी मुद्दाम वापरते. आमच्याकडे राजा पळत नाही, तो गनिमाला हुलकावणी देतो.

तर हा पळालेला राजा वेष बदलून एका गुराख्याच्या झोपडीत राहिला. गुराख्याच्या बायकोनं चुलीच्या निखाऱ्यावर भाकरी टाकल्या आणि ह्याला सांगितलं, लक्ष ठेव. हा राज्य परत कसं मिळवायचं ह्या विचारात बसला आणि भाकरी करपल्या. बाईनं त्याला असा धुतला की विचारू नका. तो राजा आहे हे तिला माहीत नव्हतं, आणि त्यानं सांगितलंही नाही. ऐकून घेतलं आणि उरलेल्या भाकरी उलटवल्या. पुढे वसंतात त्यानं माणसं गोळा केली, व्हायकिंगांना हरवलं, जागोजागी गढ्या बांधल्या, चाळिशीच्या सुमारास लॅटिन शिकला. जन्मभर पोटाचं दुखणं होतं, त्याच्यासकट हे सगळं केलं. इतिहासकार म्हणतात भाकरीची गोष्ट नुसती दंतकथा आहे. असेल. पण बाकीच्या सगळ्या लढाया एका बाजूला ठेवल्या तरी मला तो राजा त्या चुलीपाशी पटला, आणि त्याच्यावर मी मराठीत कादंबरी लिहायला घेतली. कितीतरी वर्षं लिहीत होते.

त्या चुलीच्या प्रकरणात मी भाकरी लिहिली नाही, रोडगे लिहिले. निखाऱ्यात भाजलेला दुसरा कोणता पदार्थ मी डोळ्यांनी पाहिलाच नव्हता. जाडसर कणकेचे हे गोळे, आत पदर असलेले, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचे, राख झटकायची, फोडून तुपात बुडवायचे आणि वांग्याच्या भाजीबरोबर खायचे. आणि झोपडीतल्या बाईला मी जीभ दिली ती आमच्या आत्याबाईची. आत्याबाई म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. तिवस्याजवळ तिची शेती आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेत ती हेडमास्तरीण होती आणि शिक्षणाधिकारी आला तरी त्याला आधी चपला बाहेर काढायला लावायची. आता ऐंशीला टेकली आहे. तिची बोलणी खाऊन आम्ही सगळी भाचरं मोठी झालो, त्यामुळे ते प्रकरण लिहिताना मला फारसा विचार करावा लागला नाही. कानात होतं ते उतरवलं.

अमरावतीच्या आमच्या साहित्य मंडळात मी ते वाचून दाखवलं. मंडळाचे अध्यक्ष निवृत्त बँक मॅनेजर आहेत. कोणीही पाहुणा आला की त्याला शाल गुंडाळणं हे त्यांचं मुख्य साहित्यिक कार्य. वाचन संपल्यावर ते म्हणाले, "मॅडम, भाषा तं जोरदार हाय तुमची. पण आपल्याकडे राजे कमी पडले काय?" सगळे हसले. मग एक कवी म्हणाले की राजाला बाई बोलते हे जरा खटकतं. दुसरे म्हणाले की ती बोलते त्याला हरकत नाही, पण राजानं शेवटी ओळख द्यायला पाहिजे होती, म्हणजे तिला पश्चात्ताप झाला असता. हे ज्यांनी सुचवलं त्यांना घरी त्यांची बायको भर अंगणात बोलते आणि ते पिशवी घेऊन मुकाट्यानं भाजीला जातात, हे सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. पण कादंबरीत मात्र पश्चात्ताप बाईलाच झाला पाहिजे.

प्रकाशक मिळेना. कोणाला विषय परका वाटला, कोणी उत्तरच दिलं नाही. शेवटी पुण्याचे एक प्रकाशक तयार झाले. जुने, नावाजलेले, ऐतिहासिक कादंबऱ्यांवरच पोसलेले. त्यांच्याकडून नाही झालं तर हे बाड माझ्या कपाटातच राहणार हे मला स्वच्छ दिसत होतं. फोनवर ते म्हणाले, "बाई, पुस्तक उत्तम आहे. मी करतो. फक्त ते भाकरीचं प्रकरण काढू या."

मी म्हणाले, "तेच तर पुस्तक आहे."

"वाचकाला ते झेपायचं नाही. आपला वाचक राजाकडे वर मान करून पाहतो. तुम्ही त्याला चुलीपाशी बसवून शिव्या खाऊ घालता. आणि हे रोडगे म्हणजे काय? आमच्याकडे कोणाला कळणार नाही."

मी म्हणाले की व्हायकिंगची होडीही तुमच्याकडे कोणी पाहिलेली नाही, ती बरी चालते. त्यावर ते हसले. पुस्तक चाळून, एखादं प्रकरण उघडून, दोन ओळी पाहून मत ठोकून देणारा माणूस जसा हसतो, तसं मला ते हसू वाटलं. त्यांनी प्रकरण नीट वाचलंच नाही ह्याबद्दल माझ्या मनात शंका उरली नाही. पुढच्या महिन्यात ते व्याख्यानाला अमरावतीला येणार होते. तेव्हा समोरासमोर बसून ठरवू, असं ठरलं. प्रकरण राहिलं तर पुस्तक, नाही तर नाही, हे मी त्यांना तेव्हाच सांगून टाकलं.

ही बातमी अध्यक्षांना कळली आणि त्यांचा उत्साह उतू गेला. पुण्याचे साहेब येतात आणि त्यांना रोडगा ठाऊक नाही म्हणजे काय. खाऊच घालू. जागा कोणती, तर माझ्या आत्याबाईचं शेत. मला न विचारता त्यांनी आत्याबाईला फोन लावला आणि ती हो म्हणाली. कोणी जेवायला येतो म्हटलं की ती नाही म्हणतच नाही. नंतर मला म्हणाली, "पुण्याचा माणूस हाय म्हणते. तिखट कमी टाकू काय वं?" मी म्हणाले, टाक जेवढं टाकायचं तेवढं.

व्याख्यान झालं. विषय होता राजधर्म. दुसऱ्या दिवशी दुपारी अध्यक्षांच्या गाडीतून प्रकाशक, मागे दोन गाड्यांत मंडळाचे लोक आणि शेवटी माझ्या गाडीत मी, असे आम्ही तिवस्याकडे गेलो. प्रकाशक उंच, गोरे, पांढऱ्या केसांचे. सदरा असा कडक इस्त्रीचा की त्यांना वाकताना त्रास होत असावा. संध्याकाळी बडनेऱ्याहून त्यांची पुण्याची गाडी होती. सकाळी व्याख्यानाच्या आयोजकांनी नाश्त्याला बोलावलं होतं, पण तिथं सत्कारच इतका लांबला की कोणाच्या पोटात काही गेलं नव्हतं.

आत्याबाईनं आणि तिच्या सुनेनं सकाळपासून कणीक मळून ठेवली होती. आमच्याकडे रोडगे बाहेर भाजतात आणि ते काम बहुतेक पुरुष करतात. वर्षभर ज्यांनी चहाचा कप उचलून ठेवला नाही तेही त्या दिवशी बाह्या सरसावून उभे राहतात. गोवऱ्यांचा निखारा झाला, रोडगे लावून झाले. आत्याबाई सगळ्यांना मिळून म्हणाली, "पाहा बरं. उलटवत राहा. मी वरणाले फोडणी देऊन येतो." आणि मागच्या बाजूच्या चुलीकडे गेली. येतो-जातो म्हणताना ती स्वतःबद्दल पुरुषासारखंच बोलते, आमच्या भागातल्या जुन्या बाया बोलतात तसं.

तेवढ्यात प्रकाशक म्हणाले, "मी पाहतो. मला आवडेल."

आता खरं म्हणजे कोणीतरी सांगायला पाहिजे होतं की हे आवडीचं काम नाही, लक्ष ठेवायचं काम आहे. पण आमच्या वऱ्हाडातल्या माणसाला पाहुण्याला नाही म्हणता येत नाही. अध्यक्षांनी स्वतःच्या हातातली रोडगे उलटवायची काठी त्यांना अर्पण केल्यासारखी दिली. कोणीतरी खुर्ची आणली, धूर येणार नाही अशी लावली. आणि सगळं मंडळ त्यांच्याभोवती सतरंजीवर बसलं. मी जरा बाजूला, विहिरीच्या कठड्यावर.

अध्यक्ष म्हणाले, "साहेब, काल वेळ कमी पडला. राजधर्मावर अजून ऐकायचं होतं."

झालं. साहेब काठी मांडीवर आडवी ठेवून बोलायला लागले. राजा म्हणजे काय. राजा एकटा असतो. राजाची प्रतिमा ही प्रजेची ठेव असते. मग माझ्याकडे पाहून म्हणाले की परक्या देशाचा राजा असला तरी लेखकानं हे भान ठेवावं, त्याला चुलीपर्यंत ओढू नये. मंडळाच्या माना डोलल्या. मी आयुष्यभर ज्या सरदारांना हसत आले ते सगळे तिथं सतरंजीवर बसलेले होते, फक्त अंगरख्याच्या जागी जाकिटं होती.

पहिला वास आला तेव्हा कवी जरासे थांबून हुंगायला लागले आणि मग "वा" म्हणाले. त्यांनी वा कशाला म्हटलं ते त्यांनाच ठाऊक. नंतर अध्यक्षांनी खिशातून रुमाल काढला आणि नाकाशी धरला. एकानं खोकून पाहिलं. दुसऱ्यानं निखाऱ्याकडे पाहिलं, साहेबांकडे पाहिलं आणि पुन्हा साहेबांकडेच पाहत राहिला. सगळ्यांना कळत होतं. एकही जण तोंड उघडेना. पाहुण्याच्या हातात काठी आहे, पाहुणा बोलतोय, त्याला मधे थांबवून "साहेब, रोडगे" असं म्हणायचं कसं. त्यापेक्षा रोडगे गेले तरी चालतील. मलाही वास आला होता. मीही गप्प बसले, पण ते आदरापोटी नव्हतं. मला बघायचं होतं हे कुठवर जातं.

ते आत्याबाई येईपर्यंत गेलं. पदरानं हात पुसत ती कोपऱ्यावरून वळली, थबकली आणि सरळ निखाऱ्यापाशी आली. एक रोडगा तिनं हातानंच उचलून उलटा केला. खालची बाजू काळीठिक्कर.

"काहून जी पाहुणे," ती म्हणाली, "नाक गहाण ठेवून आले काय पुण्याले?"

साहेब वाक्याच्या मधेच राहिले.

"जयून कोयसा झाले. मी सांगून गेली होती ना उलटवत राहा म्हणून. तुमीच म्हणलं ना, मी पाहतो? मंग काय पाहून राहिले होते, आभाय? खायाले पहिले पुढं बसान, अन् उलटवाले हात दुखते काय? माह्या सुनेचा अर्धा दिवस गेला कणीक मयण्यात. गहू काय खुर्चीवर बसून पिकते? तोंड चालू त चालूच. हातातली काठी काय वाजवाले देली होती तुमाले?"

मग ती मंडळाकडे वळली. "अन् तुमी एवढे बाप्पे बसून काय करून राहिले? एकालेबी वास नाई आला?"

मंडळ जमिनीकडे पाहत होतं. अध्यक्षांचा रुमाल अजून नाकाशी होता, तो त्यांनी घाईघाईनं खिशात घातला.

मी साहेबांकडे पाहत होते. खरं सांगते, मनात एक वेडी आशा होती. आता हा माणूस मान खाली घालेल, "चुकलं" म्हणेल, उरलेले रोडगे उलटवेल, आणि मग माझं प्रकरण काढायचं त्याला धाडस होणार नाही. दलदलीतल्या राजानं एवढं केलं होतं. पण साहेब उठले. चेहरा लाल. आधी म्हणाले, "निखारा जास्त होता. ज्यानं लावला त्यानं…" आणि पुढचं गिळलं. मग काठी खुर्चीला टेकवून माझ्याजवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, "हे तुम्ही ठरवून केलंत. वाक्यं तीच आहेत. अक्षरशः तीच."

मी म्हणाले, "मी काहीच केलेलं नाही."

"खायला पुढे आणि उलटवायला हात दुखतात. हे तुमच्या पुस्तकातलं वाक्य आहे. मला इतकं मूर्ख समजू नका."

ते गाडीत जाऊन बसले. अध्यक्ष मागे धावले, "साहेब, साहेब" करत, एका हातात शाल. गाडी निघाली. माझं पुस्तकही तिच्यात बसून निघालं. मंडळाचे उरलेले लोक काही वेळ उभे राहिले, आणि मग, काय सांगू, जेवायला बसले. एकानं तर मला ऐकू येईल असं म्हटलं की वरून काळे असले तरी आतून चांगले लागतात.

मला इतका राग आला होता की मी पाटावर बसलेच नाही. आत्याबाई मात्र करपलेल्या रोडग्यांचं वरचं काळं कवच काढत बसली होती. आतला भाग कुस्करून तिनं डब्यात भरला, वर तुपाची धार सोडली, दुसऱ्या खणात वांग्याची भाजी, तिसऱ्यात वरण. डबा स्टीलचा, तीन खणांचा, तिच्या सुनेच्या माहेराहून आलेला. तो तिनं माझ्या हातात दिला.

"त्याले देऊन ये."

"कोणाला?"

"त्या पाहुण्याले. सकायपासून उपाशी हाय तो. अध्यक्षानं सांगतलं मले."

मी म्हणाले, "तू त्याला एवढं बोललीस. तो रागानं निघून गेला. माझं पुस्तक घालवलं त्यानं."

"बोलली त बोलली. त्याचं काय?" तिला माझं म्हणणंच कळलं नाही. "माह्या दारातून माणूस उपाशी गेला. जाय लवकर. अन् डबा आणजो वापस, तिथं सोडून येऊ नको. सुनेचा हाय."

गाडी काढली. सबंध रस्ताभर मी त्या माणसाला मनातल्या मनात बोलत होते, आणि जवळजवळ सगळी वाक्यं आत्याबाईचीच होती. नांदगाव पेठेपाशी कंपन्यांच्या बसगाड्या सुटल्या होत्या, त्यांच्यामागे अडकले तेव्हा तर मोठ्यानं बोलले. मी इतकी वर्षं लिहिलं, तोंडी लावायला पुण्याची मान्यता हवी म्हणून नाही, पण छापायला तरी हवी होती. आणि आता त्याच माणसाला डबा पोचवायला बडनेऱ्याला चालले होते.

प्लॅटफॉर्मवर ते एकटेच बाकावर बसलेले. अध्यक्ष त्यांना सोडून परत गेले असावेत. शाल घडी करून बॅगेवर. मी डबा पुढे धरला.

"अजून संपलं नाही का तुमचं नाटक?" ते म्हणाले.

"नाटक नाही, जेवण आहे. आत्याबाईनं पाठवलंय. डबा मला परत न्यायचाय, तेव्हा लवकर खाऊन घ्या."

नाही म्हणतील असं वाटलं होतं. पण तूप आणि भाजीचा वास आला, आणि माणसाचं पोट काही पुण्याचं नसतं. त्यांनी डबा उघडला. खाली वाकून, कडक सदऱ्याची पर्वा न करता, हातानं खायला लागले. मी समोर उभी. डब्यासाठी थांबणं भाग होतं. ज्या माणसाच्या तोंडावर बाड फेकायचं होतं त्याचं जेवण होईपर्यंत मी रखवालदारासारखी उभी राहिले. ठसका लागला तर पाण्याची बाटलीही मीच दिली.

बरंच खाऊन झाल्यावर ते एकदम म्हणाले, "तिनं त्याला जेवायला दिलं का?"

"कोणी?"

"झोपडीतल्या बाईनं. राजाला. मी ते प्रकरण पुन्हा पुन्हा वाचलं. काढायचं तर नीट वाचून काढावं म्हणून. ती बोलते, तो ऐकून घेतो, उरलेले उलटवतो. मग तुम्ही सरळ सकाळ करता आणि तो दलदलीत मासे धरतोय. मधे तो जेवला की नाही, हे कुठंच नाही."

मी मनातल्या मनात ते पान उलटून पाहिलं. नव्हतंच ते. त्या बाईची जीभ मी पानभर चालवली होती, प्रत्येक वाक्य घासून पुसून. तिचा हात मी एकदाही ताटाकडे नेला नव्हता. दुसऱ्यांच्या राजांना भूक लागत नाही म्हणून हसण्यात माझा जन्म गेला, आणि माझा स्वतःचा राजा दिवसभराचा उपाशी तसाच झोपला होता. मला पत्ताही नव्हता. आणि हे मला दाखवलं कोणी, तर ज्यानं प्रकरण वाचलंच नाही असं मी महिनाभर सगळ्यांना सांगत फिरले त्यानं. संताप असा झाला की डोळ्यांत पाणी आलं. ते मी धुरामुळं आलं असं म्हणू शकले नाही, कारण बडनेऱ्याच्या प्लॅटफॉर्मवर धूर नव्हता.

"दिलं असेल," मी म्हणाले.

"असेल नाही. लिहा."

गाडी आली. एकच धांदल उडाली. त्यांनी बॅग उचलली, शाल उचलली, डब्याचं झाकण लावलं आणि चढले. दारात उभं राहून वळले.

"प्रकरण ठेवू या. पण तिनं वाढलं पाहिजे."

एवढंच. झालेल्या प्रकाराबद्दल एक शब्द नाही, चुकलं नाही, काही नाही. गाडी हलली. पुस्तक राहिलं होतं, अख्खं राहिलं होतं, आणि मला आनंद व्हायच्या आधी आठवलं की डबा त्यांच्या हातात होता.

तिवस्याला परत पोचेपर्यंत अंधारून आलं. मंडळ जेवून, सतरंजीवर खरकटं सांडून केव्हाच निघून गेलं होतं. आत्याबाई अंगणात बसलेली. तिनं माझ्या रिकाम्या हातांकडे पाहिलं.

"डबा कुठं हाय?"

मी सांगितलं.

"गाडीत गेला? अन् तू काय करून राहिली होती तिथं, सिग्नल पाहत होती? एक काम सांगतलं तुले. एक. एवढी कालिजात शिकवते म्हणते, अन् एक डबा वापस आणता येत नाई? सुनेले काय तोंड दाखवू मी आता? तिच्या माहेरचा होता तो. डोये कुठं होते तुये?"

प्रकरण राहिलं, पुस्तक छापणार, हे सगळं मला सांगायचं होतं. पण मान खाली घालून ऐकत राहिले. बोलता बोलताच ती उठली, आतून ताट आणलं, राखेतून उरलेले दोन रोडगे काढले, झटकले, फोडले, तूप ओतलं. तोंड क्षणभरही थांबलं नव्हतं.

"पाह्य आता, उभीच राहिली," ती म्हणाली. "बस. खाय. तुयासाठी ठेवले होते."